बाहेरचा रंग कोणासाठी?

घर बांधणाऱ्या माणसाला सल्ल्यांची वाण कधी पडत नाही. पण पाया किती खोल घ्यावा, लोखंड किती मिलिमीटरचं घ्यावं, स्लॅबला पाणी किती दिवस मारावं, यात निदान इंजिनियरचा शब्द शेवटचा असतो. रंगाचं तसं नाही. रंग सगळ्यांना दिसतो, त्यामुळे रंगातलं सगळ्यांना कळतं. बाहेरचं प्लास्टर पुरं झालं रे झालं की दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत प्रत्येक जण फाटकात उभा राहून एकच प्रश्न विचारतो, ‘मग, कलर कुठला देताय?’ आणि उत्तर ऐकून घ्यायच्या आधी स्वतःचं उत्तर देऊन टाकतो.

या प्रश्नाची आम्हाला सवय नव्हती. आमची तीस वर्षं डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे इमारतीचा रंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरायचा. म्हणजे दोन तास वादावादी व्हायची, चहा-बिस्किटं संपायची आणि शेवटी ‘मागच्या वेळचाच द्या, डाग दिसत नाहीत’ हा ठराव एकमताने मंजूर व्हायचा. आपली बाहेरची भिंत कुठे संपते आणि शेजाऱ्यांची कुठे सुरू होते, हेसुद्धा तिथे कधी कळलं नाही. मग आम्ही दोघं निवृत्त झालो, रत्नागिरीजवळच्या गावी परतलो, आणि २०२२ च्या दिवाळीनंतर जुन्या घराच्या जागी नव्याचा पाया घातला. २०२४ च्या मार्चमध्ये बाहेरचं प्लास्टर झालं, आणि साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा चारी बाजूंनी आपल्या मालकीच्या भिंती समोर उभ्या राहिल्या. कोऱ्या, करड्या आणि आमच्या निर्णयाची वाट बघत.

घरातच मतं पाच. बंगळूरला असलेल्या मुलाला ग्रे हवा होता, त्यावर खिडक्यांभोवती पांढरी चौकट. ‘आई, सध्या सगळीकडे हाच चालतो,’ असं म्हणून त्याने मोबाइलवर वीसेक फोटो पाठवले. सगळी घरं एकाच आईची लेकरं असावीत तशी दिसत होती. आमच्या ह्यांना पांढरा हवा होता, कारण उन्हाळ्यात घर थंड राहतं. कंत्राटदाराचं मत क्रीम, कारण ‘क्रीमला कोणी नाव ठेवत नाही.’ मला स्वतःला फिकट निळा आवडत होता. समुद्र इतका जवळ, त्याची थोडी सावली घरावर पडू द्यावी, असं आपलं मनात.

राहिल्या सासूबाई. वय चौऱ्याऐंशी. त्या पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसून विचारलं, ‘आई, घराला बाहेरून कुठला रंग द्यावा?’

‘अगो, मला कशाला विचारतेस? मी आत असणार. बाहेरचा रंग बाहेरच्यांना विचार.’

आम्ही सगळे हसलो. पण त्या बोलण्यात जेवढा विनोद होता त्याहून शहाणपण जास्त होतं, हे पुढच्या दीड महिन्यात हळूहळू उलगडत गेलं.

शेडकार्डाचं कोडं

आधी दुकानात गेलो. आमच्या पिढीला रंगाचं दुकान म्हटलं की आठवतो तो गट्टू. कपाळावर केसांची झुलपं आणि हातात ब्रश असलेला तो खट्याळ पोरगा आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढला होता. त्या काळी दुकानात छटा मोजक्या असायच्या. बाहेरच्या भिंतींना बहुतेक स्नोसेम, म्हणजे सिमेंटचा रंग. तो लावून झाला की भिंतीवर पाणी मारावं लागे, नाहीतर हाताला पावडर लागायची. आता गट्टू निवृत्त झाला आणि त्याच्या जागी मशीन आलं आहे. पांढऱ्या बेसच्या डब्यात ते थेंब मोजून रंगद्रव्य सोडतं आणि डबा घुसळून देतं. शेडकार्ड उघडलं की हजाराच्या वर छटा. नुसत्या क्रीमच्याच इतक्या, की पंधराव्या क्रीमला पहिलं क्रीम कसं होतं ते आठवेना.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. त्यामुळे ते कार्ड घरी आणून परीक्षेचा पेपर तपासावा तसं तपासलं, दुकानदाराला आणि पेंटरला चार प्रश्न विचारले. त्यातून जे हाती लागलं ते घर रंगवणाऱ्या कोणालाही उपयोगी पडावं.

पहिली गोष्ट, कार्डावरचा दोन इंचांचा तुकडा आणि तीसफुटी भिंत यांचं नातं फार लांबचं असतं. लहान तुकड्यावर सौम्य वाटणारा रंग मोठ्या भिंतीवर एखादी पायरी जास्त भडक दिसतो. दुसरी, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडलेला रंग उन्हात तोच राहत नाही. एकच भिंत सकाळी कोवळी दिसते, दुपारी बारा वाजता फटफटीत आणि संध्याकाळी पुन्हा तिसरीच. समोर दाट झाडी असेल तर हिरवी झाकही येते. तिसरी गोष्ट, शेडकार्डातल्या सगळ्याच छटा बाहेर टिकत नाहीत. झगझगीत लाल, जांभळे, लिंबू-पिवळे रंग बहुधा अशा रंगद्रव्यांचे असतात की ऊन ती लवकर खातं. मातीतल्या खनिजांपासून येणारे गेरू, पिवडी, विटकरी असे रंग मात्र उन्हाला दाद देत नाहीत.

आणि चौथी गोष्ट आमच्या पेंटरने सांगितली. हा माणूस चाळीस वर्षं याच धंद्यात आहे, बोलतो कमी. तो म्हणाला, ‘काकू, रंग कुठलाही घ्या, पण घाई करू नका. भिंत ओली आहे तोवर रंग भिंतीला धरत नाही, पाण्याला धरतो.’ नव्या प्लास्टरला निदान अठ्ठावीस दिवस द्यावेच लागतात. त्यातलं पाणी आणि क्षार बाहेर येत असतात. त्याआधी रंग चढवला तर भिंतीवर पांढरी मिठासारखी फुली येते, पोपडे सुटतात. भिंत सुकली की नाही हे बघायची त्याची युक्ती अगदी साधी. प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी कडांना चिकटपट्टीने भिंतीवर लावायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं की थांबायचं. आमच्या उत्तरेच्या भिंतीने पाच आठवडे झाल्यावरही दव दाखवलं. थांबलो.

त्या थांबण्यातच सगळं बदललं.

चुना, पिवडी आणि काव

आमचं जुनं घर याच जोत्यावर होतं. जांभ्या दगडाचं, मातीच्या गिलाव्याचं, वर मंगलोरी कौलं. वाशांना वाळवी लागली, मागची भिंत फुगली, म्हणून ते उतरवावं लागलं. त्या घराचा रंग कोणी बसून ठरवलेला नव्हता. सगळ्या आळीचा तोच रंग. गणपतीच्या आधी आतल्या भिंती आणि पाऊस सरला की दिवाळीच्या आधी बाहेरच्या. कळीचा चुना पिंपात भिजत घालायचा. तो रटरट उकळून शांत झाला की गाळायचा, भिंतीला धरावा म्हणून त्यात डिंक घालायचा आणि मग पिवडी कालवायची. वरची भिंत पिवळी आणि खालचे दोन फूट कावेचे, तांबडे. झालं रंगकाम.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, इथल्या लोकांना दुसरा रंगच माहीत नाही. पुढे कळलं, त्या दोन रंगांत कोकणातल्या पावसाचा सगळा अभ्यास होता. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पागोळ्यांचं पाणी अंगणातल्या लाल मातीवर आपटतं आणि चिखलाचे शिंतोडे भिंतीवर दीड-दोन फुटांपर्यंत उडतात. पांढऱ्या भिंतीवर ते पहिल्याच आठवड्यात दिसतील. म्हणून तेवढा पट्टा आधीच मातीच्या रंगाचा करून ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो, भिंतीतला ओलावा कोंडून धरत नाही, आणि त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे शेवाळालाही सुरुवातीला पाय रोवता येत नाहीत. नैऋत्येकडून झड लागायची त्या भिंतीला तर रंगाच्या भरवशावर ठेवतच नसत. तिला झापांची ताटी बांधत.

आणि यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे पिवडी आणि काव या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही लोहाची ऑक्साइडं. पिवडीत पाण्याचा अंश असतो. ती भाजली की पाणी उडून जातं आणि पिवळी पूड तांबडी होते. जांभ्या दगडाची लालीही त्याच लोहाची. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरम इथल्या या दगडाचं वर्णन करताना विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. आपल्याकडे तो आधीपासूनच जांभा होता. म्हणजे दगड, माती, भिंत, पट्टा, सगळं एकाच घराण्यातलं. रंग दुकानातून नाही, पायाखालूनच येत होता.

एकाचं घर, सगळ्यांची भिंत

भिंत सुकेपर्यंत वेळ होता, म्हणून मी रंगांविषयी मिळेल ते वाचत होते. तेव्हा जाणवलं की बाहेरचा रंग फारसा कुठे एकट्या मालकाचा राहिलेला नाही. जयपूर गुलाबी झालं ते १८७६ साली. पुढे सातवा एडवर्ड म्हणून राजा झालेला प्रिन्स ऑफ वेल्स भेटीला येणार म्हणून महाराजा सवाई रामसिंग दुसरे यांनी शहर त्या रंगात रंगवून घेतलं. पाहुणा चार दिवसांचा, रंग मात्र राहिला. २०१९ साली युनेस्कोने जयपूर शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. जोधपूरच्या जुन्या वस्तीतली निळी घरं कशामुळे निळी, याची तिथे दहा जण दहा कारणं सांगतात. कोणी म्हणतं ब्राह्मणांच्या वस्तीची खूण, कोणी म्हणतं वाळवी लागू नये म्हणून, कोणी म्हणतं थंडाव्यासाठी. पुदुच्चेरीच्या फ्रेंच वस्तीत मोहरीसारख्या पिवळ्या भिंती आणि पांढऱ्या कडा. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये निळं, पिवळं, तांबडं घर एकमेकांना खेटून. पांढरा रंग पोर्तुगीज अमदानीत चर्चसाठी राखून ठेवलेला होता, असं तिथले लोक सांगतात.

या सगळ्या ठिकाणी घराचा मालक घरात असतो आणि रंग रस्त्यावरच्या माणसाला दिसतो. आपण खिडकीतून बघतो ते शेजाऱ्याच्या भिंतीकडे. आपली भिंत शेजारी बघतो. घरावर एवढा खर्च करून आपण जी गोष्ट स्वतः दिवसाकाठी पाच मिनिटंही बघणार नसतो, तिच्यावरून घरात सर्वांत जास्त भांडतो!

पांढऱ्याच्या बाजूने हे बोलले तेव्हा त्यांच्याकडेही दाखले होते. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवायला घेतली. पांढरा रंग ऊन परतवतो, घर थंड राहतं, हे अगदी खरं. पण तिथे मुद्दा छपराचा. आमच्या छपरावर कौलं आणि चारी बाजूंना अडीच फुटांची वळचण. बाहेरच्या भिंतीवर भर दुपारी ऊन पडतं कुठे? फिकट रंग घेतला की तेवढा फायदा मिळतोच, त्यासाठी पांढराच हवा असं नाही. ह्यांनी हे मान्य केलं. तोंडाने नव्हे, विषय बदलून.

तिन्हीसांजेला

सासूबाईंच्या डोळ्यांविषयी सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मॅक्युलर डीजनरेशनचं निदान केलं. डोळ्यामागच्या पडद्याचा मधला भाग झिजत जातो. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्याच्या कडेने काय आहे ते दिसतं. त्यामुळे त्या हिंडतात-फिरतात, पायरी चुकत नाहीत, पण दारात आलेल्याला आवाजावरूनच ओळखतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात भडक आणि फिकट यांचा फरक ठळक ठेवा. पायरीच्या कडेला पट्टी, पांढऱ्या ताटलीत भात वाढू नका, अशा साध्या गोष्टी.

रोज संध्याकाळी ग्रामदेवीच्या देवळात जाऊन यायचं, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. रस्ता पायांना पाठ. मी सोबत येते म्हटलं तर म्हणायच्या, ‘देवीला मला एकटीला भेटायचं असतं गो.’ जुनं घर होतं तोवर वळणावर आलं की डाव्या हाताला पिवळा पट्टा दिसायचा आणि त्या आत वळायच्या. ते घर उतरवल्यावर आम्ही वर्षभर शेजाऱ्यांच्या दोन खोल्यांत राहिलो, तेव्हा तिथलं फाटक निळं होतं. मार्चअखेर आम्ही नव्या घरात राहायला आलो, आतलं काम उरकलं म्हणून.

आमच्या आळीत त्या वर्षी एकूण तीन घरं बांधून होत होती. तिघांचंही प्लास्टर झालेलं, तिघांनाही रंग नाही. तिन्हीसांजेच्या उजेडात तीन करडे ठोकळे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या वेळेवर आल्या नाहीत. देवळात बघितलं, वाटेवरच्या दुकानात विचारलं. हे टॉर्च घेऊन ओढ्यापर्यंत जाऊन आले. पाऊण तासाने शेवटी पुढच्या प्लॉटवर काम करणाऱ्या मुलाने हाक मारली. तिथल्या रिकाम्या घराच्या पायरीवर त्या शांतपणे बसल्या होत्या. मांडीवर प्रसादाचा नारळ. मला आवाजावरून ओळखून म्हणाल्या, ‘कुठे गेला होतात सगळे? दार लावून? कधीची बसल्ये इथे.’

आम्ही त्यांना काही बोललो नाही. हात धरून शेजारच्या, म्हणजे आपल्या, घरात आणलं. त्यांनी उंबऱ्याला हात लावून बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं. त्या रात्री त्या जेवल्या, पण नेहमीसारखं कोणाला रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चपला घातल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर म्हणाल्या, ‘पाय दुखतायत.’

पाय दुखत नव्हते, हे मला कळत होतं. साठ वर्षं जे घर त्यांच्यासाठी वाट बघत उभं असायचं, ते आता त्यांना ओळखू येत नव्हतं. रंगाचा प्रश्न तोवर आमच्या आवडीनिवडीचा होता. आता तो एका माणसाच्या पायांत बळ राहील की नाही याचा झाला.

चार चौकोन

मुलाला फोनवर सगळं सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, ‘ग्रे राहू दे आई.’ तरी मी म्हटलं, कोणाचंच मत असं भावनेपोटी रद्द करायचं नाही. भिंतीलाच विचारू. पेंटरला बोलावून रस्त्याकडच्या भिंतीवर तीन बाय तीन फुटांचे चार चौकोन रंगवून घेतले. मुलाचा ग्रे, ह्यांचा पांढरा, माझा फिकट निळा, आणि चौथा पिवडीसारखा दिसणारा पिवळा. कंत्राटदाराच्या क्रीमला जागा उरली नाही. त्याला वाईट वाटलं नाही, त्याने लगेच पिवळ्याचं कौतुक सुरू केलं.

दोन हात देऊन चार दिवस ते चौकोन तसेच ठेवले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी जाऊन बघायचं. ग्रे सकाळी देखणा दिसला, पण संध्याकाळी प्लास्टरमध्ये विरघळून गेला. पांढऱ्यावर दुसऱ्याच दिवशी रस्त्याची लाल धूळ बसली. माझा निळा दुपारच्या उन्हात निळा राहिलाच नाही, धुतलेल्या गणवेशासारखा झाला. मला हसू आलं.

चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मी सासूबाईंना म्हटलं, ‘आई, वळणापर्यंत येता का माझ्याबरोबर? पेंटरने काहीतरी केलंय, ते बघायचंय.’ त्या आल्या. वळणावर उभ्या राहिल्या आणि सवयीने मान थोडी तिरकी केली. समोरचं बघायला त्यांना आता कडेने बघावं लागतं. जरा वेळाने म्हणाल्या, ‘तिथे अजून ऊन आहे का गो?’

आभाळात उन्हाचा पत्ता नव्हता. त्यांचं बोट पिवळ्या चौकोनाकडे होतं.

त्या रात्री घरात मतदान झालं नाही.

रंगकाम

पुढचं सगळं व्यवहाराचं. भिंतीचं माप घेतलं. दारं-खिडक्या वजा जाता साधारण तेराशे चौरस फूट. बाहेरचं इमल्शन दोन हातांना लिटरमागे पन्नास ते साठ चौरस फूट जातं, भिंत किती खरखरीत आहे त्यावर थोडं कमी-जास्त. म्हणजे वीस लिटरची एक बादली आणि चार लिटरचा एक डबा. सगळा रंग एकाच वेळी घुसळून घेतला, कारण नंतर आणलेल्या डब्यात केसभर फरक पडला तरी तो भिंतीवर दिसतो. पेंटरने आधी प्रायमरचा एक हात दिला, मग रंगाचे दोन. जोत्यापासून वर दोन फूट तांबडा पट्टा, जुन्या घरासारखाच. त्याची वरची रेघ त्याने सुतळी धरून मारली आणि पट्टी न लावता हाताने भरली. चाळीस वर्षांचा हात, कुठे लहर नाही.

रंग चुन्याचा नाही, हे खरं. पिंपात चुना विरवून दरवर्षी घर रंगवणं आता आमच्या वयाला झेपणारं नाही. पण छटा निवडताना लोहाच्या पिवळ्यातली निवडली, म्हणजे ऊन खाणार नाही. शेवाळाचं म्हणाल तर त्यावर कुठलाही रंग हा उपाय नाही. पाणी भिंतीवर साचू न देणं, हाच उपाय. म्हणून पन्हळी लावल्या, आणि खिडकीवरच्या पडदीला खालून पाणी तुटायची खाच ठेवली. तीसुद्धा पेंटरच्या सांगण्यावरून, कारण काळे ओघळ आले की बोल रंगवणाऱ्याला लागतो. नंतर दोन पावसाळे गेले. उत्तरेकडच्या भिंतीला थोडी काळी झाक आली आहे. तांबड्या पट्ट्यावर चिखल बसतो तो पट्ट्यातच जिरून जातो.

मुलगा मे महिन्यात आला. घराकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. म्हणाला, ‘जुनंच घर वाटतंय ग.’ ही तक्रार की शाबासकी, ते मी विचारलं नाही. त्याच्या वरच्या खोलीला आतून त्याने ग्रे दिला. छान दिसतो.

रिक्षावाल्यांना आता पत्ता सांगावा लागत नाही. पोस्टमन, गॅसवाला, आंबे न्यायला येणारा टेम्पो, सगळ्यांच्या तोंडी ‘ते पिवळं घर’. शेजारच्या दोन घरांपैकी एकाने ग्रे दिला, एकाने क्रीम. दोन्ही नीटनेटकी आहेत.

सासूबाईंनी रंग झाल्यावर आठ दिवसांनी चपला घातल्या. कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. परत आल्या तेव्हा तिन्हीसांज झाली होती. मी मुद्दाम दिवा न लावता पडवीत बसले होते. फाटकाचा आवाज झाला आणि त्या नेहमीच्या चालीने आत आल्या. ‘अंधारात काय बसलीस? दिवा लाव,’ म्हणून मला रागावल्या. आता नजर आणखी अधू झाली आहे. वळणावर त्या थोड्या थांबतात, मान तिरकी करतात, आणि मग चालायला लागतात.

घराला रंग देणाऱ्याला मी आता एकच सांगते. शेडकार्ड घेऊन भिंतीजवळ उभे राहू नका. रस्त्यावर, वळणावर जाऊन उभे राहा, आणि तिथून रोज कोण घरी येतं ते आठवा. शाळेतून येणारं पोर, रात्रपाळीहून येणारा माणूस, आजारपणातून उठलेलं कोणी. त्यांना लांबून काय दिसलं म्हणजे पाय भरभर पडतील?

उरलेला अर्धा लिटर रंग डबा घट्ट लावून जिन्याखाली ठेवला आहे, पोपडा निघालाच तर लावायला. छटेचा नंबर, तारीख आणि लिटरचा हिशेब देवघराच्या कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवला आहे, कारण चार-सहा वर्षांनी पुन्हा रंग द्यावा लागेल आणि तोवर कागद हरवतील. मुलगा म्हणतो, पुढच्या वेळी ग्रे. मी म्हटलं, बघू. तेव्हा वळणावरून कोणाला घरी यायचं असेल, त्यावर ठरवू.